खालच्या शेतातले चमचे

ग्लेन टॅगार्ट, ऑन्टारिओ
२४ एप्रिल १९८६

प्रिय व्हर्ना,

नाताळ नसताना माझं पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. धाकटी इडा ठणठणीत आहे. मी आहे तसा आहे, म्हणजे गुडघे सोडले तर बाकीचं अजून चालतं.

तुझी भावजय मार्जरी गेल्यापासून मी स्वयंपाकघरात बसून भिंतीकडे बघत असतो, हे कुणीतरी नीलच्या कानावर घातलं. कुणीतरी म्हणजे इडाच. तर नीलने कॅल्गरीहून मला धातू शोधायचं यंत्र पाठवलं. लांब दांडी, खाली ताटलीएवढं चकतं, कानाला हेडफोन. जमिनीत काही असलं की कानात कुईं करतं. डॉक्टर म्हणतो रोज चाला, पोरगा म्हणतो चालता चालता खजिना शोधा. आजवरचा खजिना असा: बिअरच्या डब्यांच्या कड्या, घोड्यांचे नाल, नांगराचे तुकडे, आणि बाबा ज्याच्यासाठी मला बोलले होते तो पाना. सगळं पोर्चमध्ये रचून ठेवलंय. इडा म्हणते, "लोक भंगार न्यायला माणसं लावतात, तू घरी आणायला गुडघे झिजवतोस."

शेत हल्ली डेल रॅटरे कसतो, हे तुला कधी लिहिलं नाही. मका पेरायच्या आधी थोडे दिवस मिळतात तेव्हा मी खालच्या शेतात, ओढ्याकडच्या, फिरतो. हिवाळ्यातली थंडी दरवर्षी जमिनीतून दगड वर ढकलते, तसं बाकीचंही वर येत असणार. परवा यंत्र ओरडलं म्हणून खणलं तर चमचा निघाला. चहाचा. काळा ठिक्कर, दांडीला बाक, कडेला नांगराचा घाव. मला वाटलं पत्र्याचा असेल. पण साबणाच्या पाण्यात धुतला तर मागे बारीक शिक्के दिसले. मला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत.

आजीचे स्कॉटलंडहून आलेले चमचे दर शनिवारी तू घासायचीस. त्यांच्या मागे काय होतं, आठवतं का? सहज विचारतोय.

आणखी एक. गुडघ्यांनी शेती होत नाही आणि नीलला करायची नाही. नोव्हेंबरात घर-शेत सगळं डेल घेतोय.

तुझा भाऊ,
लॉर्न

*

व्हाइटपूल, सास्कॅचेवान
४ मे १९८६

लॉर्न,

सहज विचारतोय म्हणे. एकोणपन्नास वर्षांत त्या घरातून कुणी मला चमच्यांबद्दल सहज काही विचारलेलं नाही.

काळा पडला असेल तर चांदी. हिरवा पडला तर मुलाम्याचा, तो फेकून दे. राखेने घासू नकोस, आम्ही राखेने घासून घासूनच ते शिक्के झिजवले. दांडीच्या मागे बघ. आधी स्कॉटलंडचं काटेफूल, बोंडासारखं, वर तीन पाकळ्या. त्याच्या शेजारी सोनाराची अक्षरं, ए आणि एम. मग झाड लावलेली एक कुंडी, झिजलेली. दांडीच्या टोकाला पुढून आजीच्या माहेरचा के, शेपटीवाला. असे सहा. त्यातल्या एकाला वाटीच्या कडेवर दोन खळगे आहेत. ते तुझे दात. दात येताना तुला दुसरं काही चालत नसे आणि आई "चावू दे, चांदी पोटाला बरी" म्हणायची. माझ्या हातून एक बशी फुटली तर मात्र मार.

झालं तुझं काम? आता माझं ऐक. तू तेव्हा चौदा वर्षांचा होतास, इडा दहाची. मळणीचं मशीन आलं होतं, मशीनबरोबर वासिल आला होता, आणि मशीन गेलं त्या रात्री मी वासिलबरोबर गेले. तो युक्रेनचा, चर्च वेगळं, खिशात काही नाही. आईने मला त्याबद्दल माफ केलं असतं की नाही देव जाणे. पण सकाळी चमचे नव्हते. चोर कोण हे ठरवायला तिला न्याहारीइतकाही वेळ लागला नाही. मी लिहिलेली पत्रं न उघडता परत आली.

वासिलला मी लग्नाच्या दिवशी सांगितलं होतं, त्या घरातलं कुणीतरी एक जण तोंडाने म्हणेल की व्हर्नाने चमचे घेतले नव्हते, तेव्हाच मी तो उंबरा ओलांडेन. वासिल जाऊन सहा वर्षं झाली. शपथ अजून धडधाकट आहे. आणि आता तू उंबराच विकायला काढलास.

व्हर्ना

*

ग्लेन टॅगार्ट
१२ मे १९८६

प्रिय व्हर्ना,

काटेफूल आहे. ए आहे, एम आहे. शेपटीवाला के आहे. आणि शनिवारी दोन अजून सापडले. त्यातल्या एकाला दातांचे खळगे! मी तो तोंडात घालून बघितला. हसू नकोस. आता त्या जागी दातच नाहीत.

पण तिन्ही एका जागी नव्हते. एक कुंपणाजवळ, एक ओढ्याकडे, एक मधोमध. मी दोन रात्री यावर विचार केला. मार्जरी असती तर म्हणाली असती, विचार करू नकोस, तुला सवय नाही. तर मला असं वाटतं. अंधार होता. रस्त्यावर जायला खालच्या शेतातूनच जावं लागायचं. तू घाईत होतीस, गाठोडं सुटलं असेल, चमचे वाटेत पडत गेले असतील. व्हर्ना, आता त्याचं कुणाला काय? तू थोरली, ते चमचे तुझ्याच लग्नात तुला मिळायचे होते. तू नेलेस तर आपलेच नेलेस. माझ्या मनात काही नाही. एवढं मोकळेपणी म्हण, म्हणजे मी इडालाही समजावतो.

डेलने आज पेरणी केली. आता मका निघेपर्यंत शेतात पाय ठेवता येणार नाही.

लॉर्न

*

ग्लेन टॅगार्ट
२० जुलै १९८६

व्हर्ना,

तुझं उत्तर नाही. दोनदा फोन केला, वाजत राहतो. रागावलीस हे कळलं. मी ते पत्र पोस्टात टाकलं तेव्हा मला वाटलं होतं की मी फार मोठ्या मनाने लिहिलंय. इडाला वाचून दाखवलं तर इडासुद्धा म्हणाली, "हे असं लिहितात होय रे, गाढवा?" आणि इडा तर तुझ्या बाजूची नाही.

इथे मका डोक्याच्या वर गेलाय. उकडतंय. मी घरातलं सामान काढायला घेतलंय आणि प्रत्येक खण उघडला की दमतो.

लॉ.

*

सेंट ओल्गा निवास, व्हाइटपूल
६ सप्टेंबर १९८६

लॉर्न,

पत्ता बदललाय, वर बघ. जूनमध्ये मागच्या पायरीवरून पडले. खुबा मोडला. आठ आठवडे दवाखान्यात होते, आता या म्हाताऱ्यांच्या घरात आहे. पोरींनी तुला कळवलं नाही कारण मीच नको म्हणाले. तुझं मे महिन्याचं पत्र तेव्हा ताजं होतं.

हो, रागावले होते. फाडणारच होते. पण पडून राहायचं म्हटलं की राग किती दिवस पुरवणार? तिथे एक नर्स होती, आडदांड. एक दिवस मला एका कुशीला लोटून तिने खालची गादी ओढून काढली, दुसरी सरकवली, आणि जुनी घेऊन चालायला लागली. मी ओरडले, "अगं, बघून घे आधी, आत काही असेल!" ती म्हणाली, "आजी, आत काय असणार?" आणि लॉर्न, मी तशीच छताकडे बघत राहिले. आत काय असणार ते मला तेव्हा कळलं.

आई मळणीच्या आदल्या रात्री चांदी लपवायची, आठवतं ना? पंधरा-वीस परके गडी जेवायला घरात, म्हणून. दर वर्षी जागा वेगळी आणि बाबांनासुद्धा सांगायची नाही. एकदा लोण्याच्या मडक्यात, एकदा घड्याळात. मशीन गेलं की काढायची. आणि मशीन गेल्यावरच्या सोमवारी आम्ही गाद्या उसवायचो. जुना पेंढा बाहेर, ओटचा नवा पेंढा आत. दर वर्षी सोमवारीच.

त्या वर्षी मी सोमवारपर्यंत थांबणार नव्हते. मला वाटलं, मी गेल्यावर आईला एकटीला चार गाद्या भरायला लागतील. इडा लहान, तू बाबांबरोबर. म्हणून मळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आई गड्यांची जेवणं काढत होती तेव्हा, मी सगळ्या गाद्या रिकाम्या करून नव्या पेंढ्याने भरून ठेवल्या. जाताना तिचं एक काम हलकं करून जावं. तेवढंच मला करता येत होतं.

जुना पेंढा मी डुकरांच्या खोपटात टाकला. भारेच्या भारे, नाकातोंडात धूळ, आत चमचे आहेत का हे बघतंय कोण. डुकरांखालचं खत कुठल्या शेतात जायचं ते तू सांग. मला माहीत आहे, पण तू सांग.

तर लॉर्न, घरातून चमचे मीच बाहेर नेले. आई तेवढ्यापुरती बरोबर होती.

व्हर्ना

*

ग्लेन टॅगार्ट
१९ ऑक्टोबर १९८६

प्रिय व्हर्ना,

खुब्याचं वाचून वाईट वाटलं. कळवायचं होतंस. असो, मला कोण कळवेल, अशी पत्रं लिहिल्यावर.

खालच्या शेतात. डुकरांखालचं खत खालच्या शेतात जायचं, आणि त्या पावसाळी वसंतात फावड्याने ते पसरणारा मी होतो. आईने लपवले, तू बाहेर काढले, मी शेतभर पसरले. एवढी चोरी करायला आपल्या घरातली तीन माणसं लागली.

मका गेल्या आठवड्यात निघाला. मी लगेच उतरलो आणि चौथा मिळाला. वाटी चेपून सपाट झालेली, पण फूल शाबूत. चारही चमचे रुमालात घेऊन तसाच इडाकडे गेलो. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने चहा ओतला, साखर पुढे केली. मी साखर घ्यायला चमचा उचलला आणि हात थांबला. त्या चमच्याला असाच बाक होता. असाच घाव.

"इडा, हा चमचा कुठला?"

"कुठला म्हणजे? साखरेचा."

"तसं नव्हे. आला कुठून?"

"आईने दिला, लग्नात. दगड वेचताना शेतात सापडला म्हणाली, कुणा जुन्या लोकांचा असेल. दुसरं काय होतं तिच्याकडे द्यायला? उलटा करून काय बघतोस, किंमत लिहिलीये?"

काटेफूल, व्हर्ना. ए, एम. अडतीस वर्षं मी त्या चमच्याने चहात साखर घालतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इडाला तरी काय कळणार, ती दहाची असताना चमचे गेले, आणि त्याआधी तिला हात कोण लावू द्यायचं? पाद्रीबुवा आले की बाहेर यायचे, आणि ते गेले की आत.

पण आईला कळलं होतं. स्वतःच्या आईचे चमचे तिला कळणार नाहीत? आणि मग मला दुसरं आठवलं. तुला हे माहीत नाही, तू नव्हतीस. युद्ध संपलं त्या सुमारापासून आई दर वसंतात आमच्याबरोबर दगड वेचायला खालच्या शेतात यायला लागली. आधी कधी यायची नाही, कमरेचं कारण सांगायची. आम्ही दगड गाडीवर टाकत पुढे जायचो, ती मागून वाकून वाकून चालायची. हातात एक दगड नसायचा. बाबा म्हणायचे, "अगं, मदतीला आलीस की हवा खायला?" ती म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा." गेली त्या वर्षीसुद्धा आली होती, काठी टेकत.

इडाने धुतलेले कप पुन्हा धुतले. मग म्हणाली, "मला दहाव्या वर्षी जे सांगितलं ते मी धरून बसले."

मी म्हटलं, "एकोणपन्नास वर्षं?"

"सोड म्हणून कुणी सांगितलं नाही."

तेव्हा मी उभा राहिलो आणि तोंडाने म्हटलं, व्हर्नाने चमचे घेतले नव्हते. इडा म्हणाली, "ओरडू नकोस. मला ऐकू येतं." आणि रडायला लागली.

आता तुझी शपथ फिटली. घर पंधरा नोव्हेंबरपर्यंत आपलं आहे. ये. तिकीट मी काढतो. अजून एक चमचा राहिलाय, तोवर तोही शोधून ठेवतो, म्हणजे सहाच्या सहा टेबलावर मांडून तुझ्यासमोर ठेवता येतील.

लॉर्न

*

सेंट ओल्गा निवास
२७ ऑक्टोबर १९८६

लॉर्न,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुपारी जेवले नाही. इथे न जेवलं तर लिहून ठेवतात.

माझी पत्रं न उघडता परत यायची हे तुला सांगितलं होतं. पण सेहेचाळीसपासून परत येणं थांबलं. उत्तर नाही, पण पत्रही परत नाही. मला वाटायचं पोस्टमास्तर बदलला. म्हणजे आई ती ठेवून घेत होती. वाचतही असेल. मुली झाल्याचं लिहिलं होतं, त्यातली एक गेल्याचं लिहिलं होतं. ते सगळं तिने वाचलं आणि वसंत आला की शेतात जाऊन खाली बघत चालली.

ती काय करत होती ते मला कळतं, मी तिचीच मुलगी. एक चमचा सापडला म्हणजे काय, पाच तर गेलेच ना. सहाही हातात आले की बसून लिहिणार होती. व्यवस्थित. मोजून. आमच्या घरात अर्धवट काम करायची पद्धत नव्हती.

मला एक पुरला असता, लॉर्न. एकही नसता तरी चाललं असतं. नुसतं "बरी आहेस का" एवढं लिहिलं असतं तरी मी तान्ह्या पोरीला घेऊन त्याच दिवशी गाडीत बसले असते. मी तिच्यावर इतकी वर्षं रागावले होते ते चुकीच्या गोष्टीसाठी. आता बरोबर गोष्टीसाठी रागवायचं तर अंगात जोर नाही.

आणि तूही तसलाच. चमचा सापडेपर्यंत दर नाताळला एक कार्ड, आत छापलेली ओळ, खाली सही. आता सहावा शोधून ठेवतो म्हणतोस.

मी येत नाही. रागाने नाही. खुबा नीट जुळलेला नाही, चालायची चौकट धरून संडासापर्यंत जाते तेवढीच माझी मजल. गाडीत दोन रात्री बसणं व्हायचं नाही, डॉक्टरांनी साफ सांगितलं. उंबरा ओलांडायची परवानगी मिळाली तेव्हा पाय गेले. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. पण तू ये म्हणशील आणि ते वाचायला मिळेल, म्हणून लिहिलं नाही.

घर डेलला देऊन टाक. जिन्याच्या खालच्या पायरीवर मी नाव कोरलंय ते त्याला खरवडू देऊ नकोस.

व्हर्ना

*

ग्लेन टॅगार्ट
४ नोव्हेंबर १९८६

प्रिय व्हर्ना,

हे पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून घाईत लिहितोय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खालच्या शेतातच होतो. सकाळपासून सहाव्यासाठी हिंडत होतो, हिमाचे पहिले कण पडत होते. डाकवाल्याने हात केला म्हणून कुंपणाशी गेलो आणि तिथेच उभ्याने वाचलं. मग मागे वळून बघितलं, तर भुसभुशीत मातीत माझ्या पावलांच्या ओळी दिसत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाकून वाकून चालणाऱ्या माणसाच्या. मी यंत्र बंद केलं. डेलच्या पोराला देऊन टाकलं.

सहावा सापडला नाही. असू दे तिथेच. मी तो सापडायची वाट बघणार नाही.

कागदांवर सह्या काल करून टाकल्या. जिन्याची पायरी करवतीने कापून काढली. डेल म्हणाला, "अहो, जिना विकलाय तुम्ही मला!" मी म्हटलं, एक पायरी कमी धर. पुढच्या मंगळवारच्या गाडीने निघतो, गुरुवारी तुझ्याकडे. पायरी सोबत आणतोय. उंबरा निघत नव्हता, नाहीतर तोही आणला असता.

इडा येणार नाही म्हणाली. गाडी लागते, हवा मानवत नाही, काय तोंडाने येऊ, अशी बरीच कारणं. तिने तुझ्यासाठी लोणी-साखरेचे बटर टार्ट करून दिले, मनुका न घालता. तुला मनुका आवडत नसत हे मला आठवत नव्हतं, तिला आठवत होतं. मग आज सकाळी पोर्चमध्ये भंगारापाशी तिची बॅग दिसली. बॅगेवर रुमालात गुंडाळलेला साखरेचा चमचा होता.

चहा आपण तिघं पिऊ. पाच चमचे आहेत, ते पुरून उरतील.

बरी आहेस का?

लॉर्न